अंधारातला हुंकार

नाम ग्वांगसिकने जेवता जेवता चमचा खाली ठेवला, घसा खाकरला आणि जाहीर केलं, "यंदा पहिल्या तारखेचा सूर्योदय आपण सगळ्यांनी मिळून थेबेक डोंगराच्या माथ्यावरून बघायचा." त्याच क्षणी त्याच्या बायकोची, दोक्सूनची, खात्री पटली की या माणसाने काहीतरी करून ठेवलंय.

खात्री पटायला कारण होतं. रेल्वेच्या सिग्नल खात्यात चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेला हा गृहस्थ जन्मात कधी आपण होऊन साधी टेकडी चढला नव्हता. दर नव्या वर्षाला अर्धं जेचन गाव डोंगरांकडे धावायचं आणि हा पांघरुणातूनच म्हणायचा, "सूर्य काय पाहुणा आहे, सामोरं जायला? येईल आपला आपण खिडकीत."

"तुम्ही? आणि डोंगर?" दोक्सूनने विचारलं.

"हो."

"चढून?"

"नाही, डोंगराला खाली बोलावणार आहे! चढूनच. सेरीन आणि जावईबापू पण येतायत सोलहून. बोलणं झालंय माझं."

बोलणं झालंय! लेकीचा फोन आला की 'थांब, आईला देतो' यापलीकडे ज्याने कधी वाक्य उच्चारलं नाही, त्या बापाचं लेकीशी परस्पर बोलणं झालं होतं. दोक्सूनने त्याच्यापुढे मीठ-मिरचीत मुरवलेल्या मुळ्याची किमची सरकवली. त्याने एक फोड उचलली, तिच्याकडे विचारात पडल्यासारखं पाहिलं आणि भाताखाली दडवून ठेवली. हेही तिने पाहिलं.

दोक्सूनचं बाजारात तोंडीलावण्यांचं दुकान होतं. किमची, मुरवलेली पानं, गोडसर परतलेली बारीक सुकी मासळी असं बावीस प्रकारचं काहीबाही ती रोज पहाटे उठून करायची. नवरा निवृत्त झाल्यापासून दुपारी दुकानातच जेवायला यायचा. पण ऑक्टोबरपासून मंगळवारी आणि शुक्रवारी तो येईनासा झाला. 'जुने रेल्वेवाले जमतो,' म्हणाला. जमा बापडे, असं म्हणून तिने सोडून दिलं. मग एका शुक्रवारी भर दुपारी रेल्वेतलाच एक जुना सहकारी दुकानात पालेभाजी घ्यायला आला. "काय हो, आज बैठक नाही?" तिने विचारलं. "कसली बैठक?" तो म्हणाला.

तेव्हापासून तिने डोळे उघडे ठेवले होते. डोळ्यांपेक्षा नाक. दोक्सूनचं नाक बाजारात प्रसिद्ध होतं. मासळी कालची की परवाची हे ती गल्लीच्या पलीकडून सांगायची. त्या नाकाला त्या दोन दिवशी नवऱ्याच्या तोंडाला टूथपेस्टचा वास यायचा. शिवाय त्याचा पट्टा दोन भोकं आत गेला होता, तोंडावर तजेला आला होता आणि फोन टेबलावर पालथा पडू लागला होता.

शेजारच्या मासळीवाल्या मल्जाला तिने हे सगळं सांगितलं. मल्जा विधवा होती आणि नवऱ्यांच्या बाबतीत तिचा अभ्यास दांडगा होता.

"दुपारी तीन वाजता दात घासणारा पुरुष सरळ नसतो, ताई," मल्जा कोयत्याने माशाचं डोकं उडवत म्हणाली. "आणि डोंगरावर नेतोय म्हणतेस? बायकोला डोंगरावर नेणारा नवरा एक तर पाय धरतो, नाहीतर काडीमोड मागतो. चार लोकांत बाई आरडाओरडा करत नाही ना! म्हणून."

"लेक-जावई पण येतायत."

"म्हणजे साक्षीदार," मल्जा म्हणाली आणि दुसरं डोकं उडवलं.

गाडीत बसल्यापासून दोक्सूनला साक्षीदारांचं वागणंही संशयास्पद वाटू लागलं. एरवी सेरीन पुढची जागा पटकावून झोपायची. आज तिने आईला पुढे बसवलं आणि स्वतः गाडी चालवायला घेतली. "आई, थंडी वाजत नाही ना?" असं तिने तीनदा विचारलं. जावई इन्सू औषधांच्या दुकानात कामाला होता. गोड स्वभावाचा, पण खोटं बोलताना कान लाल होणारा. तो सासऱ्याच्या कानाशी लागून काहीतरी कुजबुजला आणि दोक्सूनने मागे वळून पाहताच त्याचे कान किरमिजी झाले.

"काय चाललंय?"

"काही नाही आई, रस्ता... रस्त्यावर बर्फ आहे म्हणत होतो."

"डिसेंबर संपला की रस्त्यावर बर्फच असतो. त्यात कुजबुजण्यासारखं काय आहे?"

ग्वांगसिक खिडकीतून बाहेर काळोखाकडे अशा एकाग्रतेने बघत होता, जणू तिथे सिग्नल आहेत आणि सगळे लाल आहेत.

पहाटे पावणेपाचला डोंगराच्या पायथ्याशी पोचले तर जत्रा भरलेली. हजारो माणसं, हजारो कपाळांवर दिवे, आणि त्या वर्षी साऱ्या देशाने ठरवून घेतल्यासारखा प्रत्येकाच्या अंगावर गुडघ्यापर्यंतचा काळा फुगीर कोट. ग्वांगसिकने डोळे सोडून सगळं तोंड लोकरीच्या पट्ट्यात गुंडाळलं, कानटोपी भुवयांवर ओढली आणि बुटांना लोखंडी दात बांधले. दोक्सूनने पाठपिशवीत किंबापच्या, म्हणजे भाताच्या, गुंडाळ्या, उकडलेली अंडी आणि मुळ्याच्या किमचीचा डबा घेतला होता. काडीमोड तर काडीमोड, उपाशीपोटी नको.

वाट सुरू होते तिथेच गडबड झाली. सेरीन स्वच्छतागृहाच्या रांगेत उभी राहिली, इन्सू तिच्या सोबतीला थांबला. "तुम्ही व्हा पुढे, आम्ही गाठतो," सेरीन म्हणाली, आणि जाता जाता बापाला तिने डोळ्याने काहीतरी खुणावलं. दोक्सूनने तेही टिपून ठेवलं. अर्ध्या तासात तिच्या कपाळावरचा दिवा मिणमिणला आणि विझला.

"माझ्या पिशवीचा पट्टा धर," ग्वांगसिक म्हणाला. "सोडू नकोस."

तिने धरला. पण पुढच्या चढावर तिच्या डाव्या बुटाचे दात निसटले. ती खाली वाकली, चाचपडत गाठ मारली, मागून येणाऱ्या दहा-बारा जणांच्या शिव्या खाल्ल्या आणि उठून समोरचा लोंबता पट्टा पुन्हा पकडला. पट्ट्याला एक हिसका बसला, मग पुढचे बूट चालू लागले. करकर, करकर.

आता आजूबाजूला झाडं, बर्फ आणि लोकांच्या धापा यांखेरीज काही नव्हतं. दोक्सूनला वाटलं, याला काय सांगायचंय ते वर पोचल्यावर लेक-जावयासमोर ऐकून घेण्यापेक्षा आपणच इथे उकरून काढावं. निदान अंधारात तोंड तरी दिसणार नाही.

"दुपारी कुठे जाता?" तिने पाठीला विचारलं. वारा होता, तोंडावर लोकर होती. तिचा आवाज तिलाच घोंगडीतून आल्यासारखा वाटला.

पुढचे बूट अडखळले.

"मला सगळं कळलंय. उगाच टाळू नका. दुपारी दोन-दोन तास गायब असता. कोणी बाई आहे?"

बूट थांबले. बराच वेळ थांबले. मागचा माणूस खेकसला तेव्हा पुन्हा चालू लागले, आणि पट्ट्याच्या पलीकडून आवाज आला, "हूं."

इतके दिवस संशय घेतला, चाचपून पाहिला, मल्जापाशी चघळला. पण खरं सांगायचं तर, 'छे, भलतंच काय!' हे ऐकायचीच तिची तयारी होती. 'हूं'ची नव्हती.

"माझ्याहून लहान आहे?"

थोडा विचार करून आवाज आला, "थोडी."

"थोडी म्हणजे किती?"

"दोन वर्षं."

दोन वर्षं! वीस वर्षांनी लहान असती तर माणूस वेडा झाला म्हणून सोडून देता आलं असतं. दोन वर्षांनी लहान म्हणजे विचार करून निवडलेली.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

ऑक्टोबर नव्हे, उन्हाळा! म्हणजे चार महिने आपल्या नाकालाही पत्ता नव्हता. "घर मोडायचंय तुम्हाला?" तिने विचारलं आणि तिचा आवाज फाटला.

समोरचं डोकं इतक्या जोराने हललं की दिव्याचा झोत डावीकडच्या झाडांवरून उजवीकडच्या झाडांवर तीन-चारदा फिरून आला. "नाही! नाही नाही!"

हे ऐकून ती जरा सावरली, आणि सावरल्याबरोबर भडकली. पट्टा सोडून चालतं व्हावं असं वाटलं, पण दिवा त्याच्याच कपाळावर होता. अशा वेळी बाईने काय करावं? दोक्सूनने हाताशी होतं ते अस्त्र काढलं.

"मग माझंही ऐकून ठेवा. तुमचा तो तीन शिखरांचा दगड आहे ना?"

ग्वांगसिकला उभ्या आयुष्यात एकच नाद होता: नदीच्या पात्रातून निसर्गानेच घडवलेले देखणे दगड शोधून आणायचे, लाकडी बैठकीवर मांडायचे आणि ब्रशाने पुसत बसायचं. तीन शिखरांचा काळा दगड त्यांचा राजा होता. कुणीही घरी आलं की त्याला चहाआधी तो दगड दाखवला जाई.

"तो कपाटात नाहीच," दोक्सून म्हणाली. "चार वर्षं झाली. किमची दाबून ठेवायचं बरणीतलं वजन फुटलं होतं, त्या दिवशी मी तो घेतला. इतका छान बसला की काढवेना. तुमच्या कपाटात आहे तो मी पुलाखालून उचलून आणलेला. रोज सकाळी तुम्ही ब्रशाने पुसता ना, तोच! पाहुण्यांना दाखवता, 'ही रेघ बघा, ही रेघ,' तोच! आणि सगळा बाजार माझ्या मुळ्याच्या किमचीची वाखाणणी करतो ती तुमच्या राजाच्या जिवावर. झालं समाधान?"

पलीकडून काहीच आवाज आला नाही. नुसते बूट. करकर, करकर. बिचारा पार कोसळला असेल, असं तिला वाटलं. बाईची कबुली दिली तेव्हा आवाज तरी फुटला होता. दगडाच्या बातमीने मात्र वाचाच बसली. दोक्सूनला वाईट वाटू लागलं, आणि वाईट वाटतंय म्हणून पुन्हा राग येऊ लागला. असं आळीपाळीने करत तिने उरलेला डोंगर चढून काढला.

वर जाईपर्यंत पूर्वेला राखाडी फट पडली होती. माथ्यावरच्या दगडी वेदीभोवती लोक दाटीवाटीने उभे होते. कोणी हात जोडून, कोणी फोन उंचावून. पुढचा काळा कोट गर्दीच्या कडेला एका खडकाच्या आडोशाला थांबला. त्याने खोल श्वास घेतला, तोंडावरची लोकर खाली ओढली आणि वळता वळता बोलायला सुरुवात केली.

"हे बघ, मी सांगणारच होतो तुला. तिचं-माझं तसलं काही नाही. आम्ही फक्त नाचतो. समाजकेंद्रात, दुपारी. तिथे जोडीशिवाय शिकवत नाहीत आणि तुझे गुडघे..."

इथे त्याचं वळणं पूर्ण झालं. गोल चेहरा, जाड भिंगांचा चष्मा, हनुवटीवर वाटाण्याएवढा तीळ. दोक्सूनने हा माणूस आयुष्यात पाहिला नव्हता.



"तुम्ही कोण?" दोक्सूनने विचारलं.

"मी फ्यो. आन्दोंगहून आलोय." त्याने चष्मा पुसून पुन्हा लावला, पण समोरची बाई बदलली नाही. "तुम्ही कोण?"

"माझा पट्टा कुठाय? म्हणजे, माझे मिस्टर कुठायत?"

"माझी बायको कुठाय?" फ्यो म्हणाला आणि त्याचा चेहरा थंडीपलीकडच्या कुठल्यातरी कारणाने पांढरा पडला. "म्हणजे दीड तास तुम्ही मला... आणि मी तुम्हाला... बाई, तिला अजून काहीच माहीत नाही! मी समजलो, तिला कळलंच आहे, तर नाही कशाला म्हणा! दगडाचं काही समजलं नाही, वाटलं रागाच्या भरात काहीतरी बरळतेय!"

"आणि मी समजले..." दोक्सूनने वाक्य अर्धवटच सोडलं. बाई याची होती. आपल्याची नव्हती! निदान अजून सिद्ध तरी झाली नव्हती. आणि दगडाची गोष्ट? ती ऐकली होती एका परक्या माणसाने. आनंदाच्या भरात तिने फ्योची बाही पकडली.

"त्या दगडाचं कुणाला बोलू नका हं."

"मेलो तरी बोलणार नाही," फ्यो तिचा हात दोन्ही हातांत धरून कळवळून म्हणाला. "फक्त तुम्हीही बोलू नका. आपल्या दोघांतच राहू दे."

"आपल्या दोघांतच," दोक्सून म्हणाली.

तिच्या मागे कोणीतरी खोकलं.

ग्वांगसिक उभा होता. लोकर गळ्याशी आलेली, मिशांवर बर्फ, आणि शेजारी जांभळी टोपी घातलेली एक ठेंगणी बाई. तिची पिशवी ग्वांगसिकच्या खांद्यावर. दोक्सूनच्या डोक्यात मघाशी मिटलेला सगळा हिशेब क्षणात पुन्हा उलगडला. हीच ती! साक्षीदारांसकट डोंगरावर आणलीन!

"ही कोण?" ती कडाडली.

"हा कोण?" ग्वांगसिकने विचारलं. त्याची नजर फ्योच्या हातांवर होती आणि त्या हातांत अजून दोक्सूनचा हात होता.

"अहो, कोण नाचतं?" जांभळ्या टोपीवाल्या बाईने फ्योला विचारलं. "खालून चढताना ऐकलं मी. 'आम्ही फक्त नाचतो' म्हणालात."

फ्योने तोंड उघडलं. त्यातून नुसती वाफ बाहेर आली. त्या वाफेकडे पाहून दोक्सूनला काय वाटलं कोण जाणे. मघापासून शपथा घेणाऱ्या, रडकुंडीला आलेल्या त्या माणसाची तिला दया आली असावी.

"किरणं," ती म्हणाली. "ढगांवर किरणं नाचतात, ते सांगत होते मला. 'आम्ही'... म्हणजे किरणं असं म्हणतात, असं."

"हे? किरणांचं?" जांभळी टोपी सावकाश दोक्सूनकडे वळली आणि तिने तिला बुटांपासून कानटोपीपर्यंत पाहून घेतलं. "तीस वर्षांत मला तर कधी ढगसुद्धा दाखवला नाही यांनी."

नेमक्या त्याच वेळी सूर्य वर आला. माथ्यावरच्या हजार-दोन हजार लोकांनी एकदम जल्लोष केला, 'भरभराट होवो, भरभराट होवो' म्हणत अनोळखी लोक अनोळखी लोकांना शुभेच्छा देऊ लागले. सेरीन आणि इन्सू धापा टाकत पोचले, आणि सेरीनने हौसेने पहिला फोटो काढला. त्या फोटोत मागे लालभडक सूर्य आहे आणि पुढे त्याच्याकडे पाठ करून चार प्रौढ माणसं एकमेकांकडे चोर पकडल्यासारखी बघतायत.

"मला या बाई वाटेत भेटल्या," ग्वांगसिक म्हणाला. "यांचा नवरा हरवला होता, माझी बायको. तासभर आम्ही तुम्हाला हाका मारतोय. पाय मुरगळला यांचा, म्हणून पिशवी घेतली. आता तू सांग."

"आधी तुम्ही सांगा. सगळ्यांसमोर सांगा. मंगळवारी आणि शुक्रवारी कुठे असता?"

ग्वांगसिकने लेकीकडे पाहिलं. लेकीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याचे कान पेटले.

"सांगून टाका बाबा," सेरीन म्हणाली. "त्यासाठीच आलोय ना."

"जेवायला," ग्वांगसिक पुटपुटला.

"कुठे?"

"कांगनंगवालीकडे."

क्षणभर दोक्सूनला वारासुद्धा थांबल्यासारखा वाटला. कांगनंगवाली! बाजाराच्या दुसऱ्या टोकाला, कांगनंग गावाहून आलेल्या या बाईचं तोंडीलावण्यांचं दुकान. कडेला चार टेबलं टाकून ती जेवायलाही वाढायची. पाणचट भाज्या, पांढरीफटक किमची. अकरा वर्षं दोक्सून तिच्याकडे बघत नव्हती.

"रक्तदाब वाढलाय माझा," ग्वांगसिक एका दमात बोलून मोकळा झाला. "डॉक्टर म्हणाले मीठ तोडा. आठवड्यातून दोनदा तरी अळणी खा, रोज चाला. जावईबापूंनी रिपोर्ट पाहिला, ते म्हणाले आईंना सांगा. पण तुला कसं सांगायचं, तुझं सगळं... थोडं..."

"थोडं काय?"

"खारट असतं."

"आणि हे सांगायला मला एवढ्या उंचावर आणलंत?"

"खाली सांगितलं असतं तर हाताशी पातेली असतात," ग्वांगसिक अगदी प्रामाणिकपणे म्हणाला.

"बाई असती तरी मी समजून घेतलं असतं!" दोक्सून ओरडली. आजूबाजूच्या शुभेच्छा थांबल्या. "बत्तीस वर्षं माझ्या हातचं खाल्लंत आणि तोंड घासून त्या कांगनंगवालीकडे... खारट? माझं? अहो बाई, तुम्ही सांगा." तिने पिशवीतून डबा काढला आणि मुळ्याची फोड काडीला टोचून थेट जांभळ्या टोपीसमोर धरली. "तुम्ही परक्या आहात. खरं सांगा."

फ्योच्या बायकोने फोड तोंडात घातली, सावकाश चावली. सगळं कुटुंब तिच्या जबड्याकडे बघत होतं.

"कुरकुरीत सुरेख आहे," ती म्हणाली. "अशी दाबलेली किमची मी खाल्ली नाही. कशाखाली दाबता हो?"

फ्योला जोराचा ठसका लागला. दोक्सूनने डब्याचं झाकण लावलं.

"पण खारट आहे," बाई म्हणाली. "पाणी आहे का कोणाकडे?"

उतरताना दोक्सूनने नवऱ्याच्या पिशवीचा पट्टा धरला नाही. दोन पावलं मागे, मान वर करून ती चालत राहिली. अर्ध्या वाटेवर ग्वांगसिक थांबला. मघापासून तो काहीतरी जुळवतोय हे त्याच्या पाठीवरूनच दिसत होतं.

"माझं मी सांगितलं," तो म्हणाला. "आता तू सांग. तो माणूस काय कुणाला बोलणार नव्हता?"

खरं सांगायचं तर दगडाचं सांगावं लागत होतं. आत्ता कुठे तिच्याकडे रुसण्याचा हक्क आला होता. दगडाचं सांगितलं असतं तर तो हक्क डोंगर उतरायच्या आत गेला असता.

"काही नाही," ती म्हणाली.

"'आपल्या दोघांतच,' म्हणालीस. मी ऐकलं."

"मग ऐकलंत ना? दोघांतच."

बत्तीस वर्षांत ग्वांगसिकने तिला 'कुठे गेली होतीस' असंसुद्धा कधी विचारलं नव्हतं. दुकानात नाहीतर घरात, तिसरीकडे ती असेल हे त्याच्या कल्पनेतच नव्हतं. आता त्याच्या कपाळावर आठी पडली होती आणि ती पायथ्यापर्यंत तशीच राहिली. पायथ्याशी चौघं तक्कुक, नव्या वर्षाचं तांदळाच्या वड्यांचं सूप, प्यायला बसले तेव्हा त्याने गर्दीत दोनदा मान उंचावून चष्मेवाला कुठे दिसतो का ते पाहिलं. दोक्सूनने ते पाहिलं, आणि मल्जाला काय काय सांगायचं नाही ते मनाशी ठरवून टाकलं.

मीठ तिने कमी केलं. एकदम नाही, कुणाच्या डोळ्यांत येणार नाही असं, रोज चिमूटभर. ग्वांगसिक पुन्हा दुपारी दुकानात जेवू लागला आणि आता फोडी भाताखाली जात नव्हत्या. पण त्याची आठी काही उतरली नाही. नव्या वर्षाच्या दुसऱ्या आठवड्यात एका पहाटे दोक्सून घाऊक मंडईत मुळे आणायला निघाली, तर दारात हा बूट घालून तयार.

"तुम्ही कुठे?"

"येतो तुझ्याबरोबर. चालायला सांगितलंय डॉक्टरांनी."

"मंडईत?"

"सहज. आन्दोंगकडची माणसं पण येतात म्हणे तिथे, माल घेऊन."

त्या दिवसापासून तो रोज येऊ लागला. ती भाव करायची आणि हा तिच्या मागे उभा राहून प्रत्येक चष्मेवाल्याकडे बघायचा. रिकाम्या हाताने किती उभं राहणार? म्हणून पहिल्या दिवशी त्याने पिशवी धरली, दुसऱ्या दिवशी गोणी, आणि महिनाअखेर वीस किलो मुळे खांद्यावर टाकून तो तिच्या मागे पुलापर्यंत न थांबता येऊ लागला. ही गोणी पोचवायला बत्तीस वर्षं तिला हातगाडीवाल्याच्या विनवण्या कराव्या लागल्या होत्या.

कधी कधी त्याचा संशय सैलावलाय असं तिला वाटे. पावलं मंदावत, गोणी एखाद्या कट्ट्यावर टेकवावी असा विचार त्याच्या तोंडावर दिसे. अशा वेळी दोक्सून चालता चालता थांबून गर्दीत कुठेतरी लांबवर बघे, कुणी ओळखीचं दिसल्यासारखी, आणि उगाचच हलकेच हसे. मागे गोणी पुन्हा खांद्यावर चढल्याचा आवाज येई, आणि पावलं भराभर पडू लागत.